सव्वा महिन्याचा हक्क : गर्भाशय काढल्यानंतरचे घरचे दिवस

ज्या समाजाने बाळंतिणीच्या विश्रांतीचा एवढा सविस्तर जाबता आखून ठेवला, की तिने पहिले दहा दिवस कोणत्या खोलीत निजावे, खाटेखाली शेगडी केव्हा ठेवावी, डिंकाचा लाडू कोणत्या दिवसापासून द्यावा, पाण्यात हात केव्हा घालू द्यावा आणि सव्वा महिना पुरा झाल्यावर देवदर्शनास केव्हा निघावे, यांतली एकही बाब कोणाच्या मर्जीवर सोडली नाही, त्याच समाजापाशी गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रीसाठी मात्र दोन ओळींचाही रिवाज नाही. बाळंतीण माहेरी जाते. ही स्त्री इस्पितळातून थेट स्वतःच्या स्वयंपाकघरात परत येते. बाळंतिणीची आई बहुधा हिंडतीफिरती असते. चाळिशी ओलांडलेल्या हिची आई असलीच, तर तिलाच कोणाच्या तरी आधाराची गरज असते. घरात पाळणा हललेला नसतो, म्हणून पाहुण्यांना येण्याचे निमित्त नाही; जखम वस्त्राआड आहे, म्हणून तिची चौकशी नाही. ‘पिशवी काढली’ एवढ्या वर्दीवर शेजारणीचे समाधान होते, आणि पंधरवडा उलटला नाही तोच घरचा कारभार पूर्ववत तिच्या माथी येतो. तोही कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर ‘तू अजून बस’ असे अधिकाराने सांगणारी कोणतीही रीत अस्तित्वात नाही म्हणून.

अशी रीत पाडावी लागेल. ती पाडताना बाळंतपणाच्या जुन्या जाबत्यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा निवाडा शरीरशास्त्राला विचारून करणे, हा या प्रकरणाचा हेतू आहे.

आतली शिवण

गर्भाशय काढण्याची कारणे अनेक आहेत: स्नायूंच्या गाठी, महिन्यामागून महिने अंगावरून अतोनात जाणे, अंग बाहेर येणे, क्वचित कर्करोग. काढण्याच्या वाटा मात्र मुख्यतः तीन आहेत: पोटावर छेद घेऊन, योनीमार्गाने, किंवा पोटाला बोटाच्या पेराएवढी तीन-चार छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने. अमेरिकेतील लॉवेल या गावी १८५३ मध्ये वॉल्टर बर्नहॅम यांनी पोटावाटे गर्भाशय काढलेली स्त्री जिवंत राहिली, याचेच त्या काळी अप्रूप होते. १९८८ मध्ये त्याच देशात हॅरी राइश यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली, आणि आज अनेक स्त्रिया दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी चालत घरी येतात.

ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु तिच्या पोटी एक गैरसमज जन्माला आला आहे. पोटावर मोठा छेद असेल, तर पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, हे कुटुंब निमूटपणे कबूल करते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तीन बारीक खुणांकडे बोट दाखवून ‘एवढंसंच तर झालंय’ असे म्हटले जाते. वस्तुतः गर्भाशयमुखासह गर्भाशय काढले, की कोणत्याही वाटेने ते काढले असले, तरी योनीचा वरचा मोकळा झालेला शेंडा आतून शिवूनच बंद करावा लागतो. ही शिवण कोणाला दिसत नाही. बाहेरची त्वचा दहा-बारा दिवसांत सांधते. आतल्या ऊतींना पुरेसे बळ येण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना धरून ठेवणारे विरघळणारे टाके हळूहळू स्वतःच नाहीसे होत असतात. दुर्बिणीची खरी कृपा ही, की वेदना कमी होते आणि हालचाल लवकर सुरू होते. आतल्या शिवणीची मुदत मात्र तिने घटवलेली नाही. म्हणून जिची बाहेरची जखम सर्वांत लहान, तिलाच सर्वांत आधी कामाला जुंपले जाण्याचे भय अधिक.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आणि आपला सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. जुन्या बायकांनी प्रसूतीनंतर शरीर केव्हा सावरते हे पाहून ठरविलेली मुदत या शस्त्रक्रियेलाही जवळजवळ तंतोतंत लागू पडते, आणि नव्या रिवाजाचा पाया म्हणून तीच घ्यावी हे उत्तम.

विश्रांती म्हणजे निजून राहणे नव्हे

मुदत घेतली, तरी तिचा आशय मात्र बदलला पाहिजे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास दोन-तीन आठवडे बिछान्याला खिळवून ठेवण्याची पद्धत युरोप-अमेरिकेतही एके काळी सर्वमान्य होती. शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी १८९९ मध्ये आपण रुग्णांना एक-दोन दिवसांतच उठवून बसवतो असे प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे वैद्यकाच्या गळी उतरण्यास मात्र अर्धशतक जावे लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात खाटांची व मनुष्यबळाची टंचाई पडली, तेव्हा कुठे लवकर उठविण्याचे लाभ सर्वांच्या प्रत्ययास आले. १९९० नंतर डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी वेदनाशमन, लवकर आहार आणि लवकर हालचाल यांची पद्धतशीर सांगड घातली. आजची इस्पितळे चालतात ती बहुतांशी त्याच वळणाने.

कारण सरळ आहे. निजून राहिलेल्या देहात पायांच्या शिरांतील रक्त मंदावते व गोठू लागते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे टिकून असतो. आतड्यांची गती मंदावते, छातीत कफ साठतो. म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे, पण वारंवार चालावे. दुसऱ्या आठवड्यात अंगणात किंवा इमारतीच्या आवारात. पुढे रोज थोडी भर घालीत जावे. जिना चढण्यास मनाई नाही, घाईस आहे. चालून आल्यावर वेदना किंवा रक्तस्राव वाढला, तर आदल्या दिवसाच्या मर्यादेवर परत यावे.

उठण्याची मात्र रीत शिकावी लागते. उताणे असताना एकदम उठून बसण्याने सगळा ताण पोटाच्या स्नायूंवर येतो; त्याऐवजी गुडघे दुमडावे, एका कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावे आणि त्याच वेळी खालच्या हाताचे कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीत रेटून धड उचलावे; मग मिनिटभर काठावर बसून, घेरी येत नाही अशी खात्री झाल्यावर उभे राहावे. जमिनीवर निजण्याची सवय असणाऱ्या घराने या मुदतीपुरती तरी खाटेची तजवीज करावी. खोकला किंवा शिंक येईल असे वाटताच उशी पोटाशी घट्ट धरावी.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ स्त्रिया खांदा दुखतो म्हणून घाबरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट फुगविण्यासाठी भरलेल्या कर्बवायूचा अंश मागे राहून श्वासपटलाला डिवचतो, आणि श्वासपटलाच्या व खांद्याच्या संवेदना मानेतील एकाच मज्जास्थानी पोहोचत असल्यामुळे मेंदूला दुखणे खांद्याचे वाटते. चालण्याने व शेकण्याने दोन-चार दिवसांत ते ओसरते.

ओझ्यांची यादी

‘जड उचलू नका’ हा इस्पितळातून निघताना मिळणारा हुकूम सर्वांत अधिक वेळा दिला जाणारा आणि सर्वांत अधिक वेळा मोडला जाणारा आहे, कारण जड म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. सामान्यतः सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काहीही उचलू नये असा संकेत आहे. आता हे माप घेऊन घरात हिंडावे. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो; तेव्हा न्हाणीघरातली पंधरा लिटरची बादली पंधरा किलोंची. भरलेले गॅसचे सिलिंडर तीस किलोंच्या घरात. ते नुसते सरकविणेही नको. वर्षाचा नातू नऊ-दहा किलोंचा, आणि तो उचलून घेण्यासाठी हात वर करणार हे ठरलेलेच. आजीने बसावे आणि कोणी तरी त्याला मांडीवर आणून द्यावा. वजनाच्या बरोबरीने जोरही मोजावा: चादर पिळणे, उकिडवे बसून लादी पुसणे, दहा माणसांची कणीक तिंबणे, पाट्यावर वाटण करणे, माळ्यावरचा डबा टाचा उंचावून काढणे, या सर्वांत श्वास रोखला जातो आणि पोटातला दाब थेट खालच्या शिवणीवर येतो.

“आई, ठेवा ती कळशी खाली, मी भरते.”

“अगं, अर्धीच तर भरली होती.”

अर्धी कळशीही पाच-सहा किलोंची होते, हे सुनेला ठाऊक आहे आणि सासूलाही. परंतु तीस वर्षे जी कळशी आपली होती ती दुसऱ्याने भरताना पाहत बसणे, हे दुखण्याहूनही अवघड असते. यासाठी नवऱ्याने, मुलाने, सुनेने किंवा नणंदेने, कोणीही असो, पण एकाच माणसाने या सव्वा महिन्याची मुखत्यारी घ्यावी, आणि पाणी, गॅस, कपडे, लादी, बाजार यांपैकी कोणते काम कोणाकडे, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून टाकावे. ‘लागेल तेव्हा सांग’ या आश्वासनाने काही साधत नाही. सांगण्याची सवय असती, तर त्या बाईचे अर्धे दुखणे आधीच कमी झाले असते.

दुचाकी चालविणे, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीच्या मागे बसणे, डॉक्टरांची मुभा मिळेपर्यंत वर्ज्य. मोटार चालवू पाहणारीने आधी उभ्या गाडीत बसून अचानक ब्रेक दाबून पाहावा; पोट आवळून आले, तर मुदत संपलेली नाही.

ताट आणि न्हाणीघर

बाळंतपणाच्या रिवाजातून टाकण्याजोगे पुष्कळसे आहे ते याच भागात. भाताने पू होतो, केळ्याने व दह्याने टाके ओले राहतात, लिंबाने जखम चिघळते, अशा समजुतींनी ऐन गरजेच्या वेळी ताट रिकामे होते. जखम भरते ती प्रथिनांच्या आणि क जीवनसत्त्वाच्या बळावर; म्हणजे डाळ, उसळ, अंडे, मासळी, दही, आणि लिंबू, आवळा, पेरू यांवर. पाणी कमी पिण्याचा जुना दंडक तर सर्वस्वी घातक. भूल व वेदनाशामक औषधे यांनी आतडी आधीच सुस्तावलेली असतात, त्यात पाणी तोडले की मलावरोध ठरलेला, आणि कुंथणे म्हणजे आतल्या शिवणीवर घाव. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, भाज्या, पपई, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक घेण्यात संकोच नसावा. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर खुर्चीसारखी बैठक ठेवून घ्यावी. औषधांच्या दुकानांत ती भाड्यानेही मिळते. डिंकाचा एखादा लाडू खाण्यास हरकत नाही. परंतु तूप आणि साखर यांनाच शक्ती मानून रोज चार खाल्ले, तर शक्तीऐवजी वजन वाढते.

वर्षानुवर्षे रक्त गेलेल्या स्त्रीच्या अंगात लोह अपुरे असते. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्या. चहाबरोबर घेतल्यास त्या अंगी लागत नाहीत. त्यांनी शौचास काळे होते, त्याची भीती नको.

स्नानास मनाई नाही. पट्टी काढल्यावर साबण-पाण्याने अंग धुवावे, जखमेवर चोळू नये, मऊ कापडाने टिपून ती कोरडी करावी. हळद, राख, तेल यांचे लेप आणि खाटेखालची धुरी या सर्वांना निरोप द्यावा. पोटपट्ट्याने चालताना आधार वाटत असेल तर तो बांधावा. परंतु त्याने जखम लवकर भरते किंवा पोट आत जाते, ही समजूत निराधार आहे.

वर्दी केव्हा द्यावी

काही आठवडे थोडे थोडे अंगावरून जाणे स्वाभाविक आहे. आधी लाल, मग तपकिरी, मग फिकट, आणि मधूनच टाक्याचा एखादा धागा. परंतु तासाभरात घडी पूर्ण भिजेल असा रक्तस्राव, दुर्गंधी येणारा स्राव, १००.४ अंशांवर ताप, वाढत जाणारी पोटदुखी व ओकाऱ्या, जखमेची लाली व पू, लघवी तुंबणे किंवा जळजळणे, अथवा लघवी योनीमार्गाने सतत झिरपणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ येऊन दम लागला, किंवा योनीतून अचानक पाण्याचा लोंढा येऊन काही बाहेर येत आहे असे वाटले, तर सकाळ उजाडण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ या सौजन्याला या मुदतीत थारा नसावा.

पतिपत्नींच्या संबंधांस किमान सहा आठवडे मनाई असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर आतली शिवण उकलण्याचा प्रसंग क्वचितच, पण इतर वाटांपेक्षा किंचित अधिक आढळत असल्यामुळे पुष्कळ डॉक्टर ही मुदत आठ ते बारा आठवड्यांपर्यंत नेतात. हे पत्नीने एकटीने समजावीत बसावे असे नव्हे. निघण्याच्या दिवशी पतीच्या समक्ष डॉक्टरांकडूनच ते वदवून घ्यावे.

सहा आठवड्यांनंतर

बीजांडकोश शाबूत ठेवले असतील, तर पाळी थांबली तरी शरीरातील अंतःस्रावांचे कार्य चालू राहते. मात्र रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. बीजांडकोशही काढले असतील, तर जी अवस्था निसर्ग काही वर्षांत हळूहळू आणतो ती काही दिवसांत येऊन ठेपते: अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घामाने जाग येणे, चिडचिड, कोरडेपणा, आणि कालांतराने हाडांची झीज. पंचेचाळिशीच्या आत असे झाले असेल, तर इस्ट्रोजेनच्या उपचाराविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. तेव्हा आपले नेमके काय काढले, हे प्रत्येक स्त्रीला माहीत असलेच पाहिजे. आणि नवल हे, की पुष्कळींना ते माहीत नसते. डिस्चार्ज कार्ड व काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा पॅथॉलॉजीचा अहवाल हे दोन कागद घराच्या खरेदीखताइतक्या जपणुकीने ठेवावे. तो अहवाल सहाव्या आठवड्याच्या तपासणीत वाचून घ्यावा. गर्भाशयमुख राखले असेल, तर त्याची कर्करोगासाठीची नियमित तपासणी पुढेही करावी लागते. अमेरिकेचे डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या तळस्नायूंचे व्यायाम, डॉक्टरांची अनुज्ञा मिळाल्यावर सुरू करावे. खोकताना लघवी सुटण्याच्या तक्रारीवर त्यांचा चांगला उपयोग होतो.

मनाचे म्हणावे, तर एकच एक नियम नाही. दर महिन्याच्या यातनांतून सुटलेली स्त्री आनंदी असते, आणि तिने उगाच उदास व्हावे अशी अपेक्षा कोणी करू नये. जिला मूल हवे होते, किंवा जिचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतला, ती रडते, आणि तिला ‘आता काय करायची होती ती पिशवी’ असे सुनावू नये. रडणे व झोप उडणे काही आठवडे टिकले, तर त्यावरही उपचार आहे.

जिथे सुटी परवडत नाही

येथवर सांगितलेले सारे, घर आहे आणि घरात दुसरे कोणी आहे, असे गृहीत धरून सांगितले. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईस यांतले काही लागू पडत नाही. तेथे नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस बुडाला तर खाडा धरून दंड. पाळीच्या व प्रदराच्या साध्या तक्रारींवर तिशीतच गर्भाशय काढले जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३ हजारांहून अधिकींचे गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत तीन-साडेतीन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ उमगतो. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्र शासनाची मार्गदर्शक सूत्रे २०२२ मध्ये निघाली, आणि ती राज्यांनी तीन महिन्यांत अंमलात आणावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. परंतु हा सारा बंदोबस्त शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे. ती होऊन गेल्यावर, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या सहा आठवड्यांची मजुरी कोणी भरावी, हा प्रश्न त्यात येत नाही.

कायदाही रिवाजासारखाच वागला आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीसाठी भरपगारी रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची केली. गर्भपातानंतर सहा आठवडे आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे देण्याचेही त्याने मनावर घेतले. गर्भाशय काढलेल्या स्त्रीचे नाव मात्र त्यात नाही. केरळच्या सरकारी सेवानियमांत तिच्यासाठी ४५ दिवसांपर्यंतच्या रजेची तरतूद आहे, यावरून अशी तरतूद करणे अशक्य कोटीतले नाही, एवढे सिद्ध होते. सरकारी नोकरीत जे नियमाने मिळू शकते ते घरात मायेने आणि शेतमळ्यावर कायद्याने मिळाले पाहिजे. आणि घरातून सुरुवात करण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.